खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

मुलांनो,

तुमच्या बाबांनी तुम्हाला ही हकिगत विनोद म्हणून सांगितली, हे मला रविवारच्या फोनवर कळलं. आजी-आजोबांनी कॉम्प्युटरची पूजा केली आणि कॉम्प्युटर देवाघरी गेला, असं त्याचं म्हणणं. तुम्ही दोघं हसलात. मी हसले नाही म्हणून थोरलीने विचारलं, "आजी, तुला राग आला का?" राग आला नाही. पण विनोदात जे सांगायचं राहिलं ते मला नीट लिहून ठेवायचं आहे. आताच लिहिते, कारण पुढच्या महिन्यात आजोबांचा नवा कॉम्प्युटर येतो आहे. मग जुना खोका माळ्यावर जाईल, आणि माळ्यावर गेलेल्या वस्तूंच्या गोष्टी आपल्या घरात दर वर्षी थोड्या बदलतात.

आजोबांच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही दोघंही फार लहान होता. स्वरयंत्र काढावं लागणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी हेही सांगितलं की आधी भरपूर बोलून रेकॉर्ड करून ठेवा, आता त्या आवाजातून नवी वाक्यं तयार करता येतात. आजोबा टेलिफोन खात्यात इंजिनियर होते. माणसांचा आवाज तारेतून पलीकडे पोचवण्यात त्यांची सगळी वर्षं गेली. त्यांनी हे काम खात्याचं काम असल्यासारखं अंगावर घेतलं. आपल्या घरासमोरून न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणारे कंटेनर दिवसभर हॉर्न वाजवत जातात, म्हणून निजायच्या खोलीच्या खिडकीवर गोधड्या टांगल्या. आत बसून ते वाक्यं वाचायचे. काही छापील, बरीचशी स्वतःची. "चहात साखर घातलीच नाहीस का?" "लिफ्ट परत बंद आहे, जिन्याने या." "तुझ्या आत्याला सांग, गाडी हळू चालव." घरात लागेल असं सगळं बोलणं त्यांनी भरून ठेवलं.

ऑपरेशननंतर ते कीबोर्डवर टाइप करू लागले आणि कॉम्प्युटर त्यांच्या आवाजात बोलू लागला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि सवयीने "आले" म्हणून बाहेर आले. यापेक्षा जास्त त्याबद्दल लिहीत नाही.

आता तुम्हाला या खोक्याच्या आतलं थोडं समजून घ्यावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मलाही आधी माहीत नव्हतं.

आजोबांच्या कॉम्प्युटरमध्ये दोन बिऱ्हाडं राहत होती. एक विकत घेतलेलं, कॉम्प्युटरबरोबर आलेलं, विंडोजचं. त्यात बँक, लाइट बिल आणि तुमचे फोटो. दुसरं आजोबांनी स्वतः वसवलेलं, फुकट मिळणाऱ्या प्रणालीचं. आवाजाचं सगळं काम या दुसऱ्या बिऱ्हाडात. बटण दाबलं की पडद्यावर दोन ओळींची यादी यायची, कुठे जायचं ते विचारायची, आणि कोणी काही दाबलं नाही तर आपणहून दुसऱ्या बिऱ्हाडात शिरायची. या यादीला आणि ती तयार करणाऱ्याला बूट मॅनेजर म्हणतात. मी तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. जिन्यातल्या पत्रपेट्यांकडे कोण रोज बघतं?

आवाजाची जादा प्रत काढून ठेवली होती का, हे तुम्ही विचाराल. ठेवली होती. आजोबांनी मूळ रेकॉर्डिंग आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवली होती. ती दुसरी डिस्क त्याच खोक्यात होती. इंटरनेटवर ठेवायला ते तयार नव्हते. ऑपरेशनपासून हाताशी असलेल्या पाटीवर त्यांनी लिहिलं होतं, "माझा घसा दवाखान्यात गेला. आवाज तरी घरात राहू दे."

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात, हे तुम्हाला माहीत आहे. इथे पनवेलमध्ये त्या दिवशी रिक्षांना झेंडूच्या माळा दिसतात, ट्रकच्या बॉनेटवर स्वस्तिक दिसतं, गॅरेजमधले पाने धुऊन ओळीने मांडलेले असतात. आपल्या घरी पाटावर माझी विळी, सुरी, आजोबांची पक्कड आणि टेस्टर असायचा. त्या वर्षी आजोबांनी पाटीवर लिहिलं, "यंदा माझं हत्यार हे." आणि कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

त्यांनीच तो रीतसर बंद केला, सगळ्या वायरी काढल्या, ओल्या फडक्याने पुसला. आत्याच्या यजमानांनी उचलून देवासमोर पाटावर ठेवला. मी हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. आता पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाही आणि वापरायची नाही, हा माझ्या सासूबाईंचा नियम आणि आजोबांचाही. म्हणजे तोवर आजोबाही गप्प. त्यांना ते आवडलं होतं असं मला वाटतं. उपास केल्यासारखे ऐटीत बसून होते.

दसऱ्याला दुपारी जेवणं झाल्यावर खोका जागेवर आला. वायरी लागल्या. तुमची आत्या खारघरहून आलेली होतीच. आजोबांनी बटण दाबलं.

पंखा फिरला. दिवा लागला. पडद्यावर काळ्यात पांढरी अक्षरं आली. नो बूटेबल डिव्हाइस.

आजोबांनी बंद करून परत लावला. तेच. वायरी काढून परत बसवल्या. तेच. दोन ओळींची ती यादी कुठेच नव्हती.

"बाबा, डिस्क उडाली असणार," आत्या म्हणाली. "जुनाच होता."

आजोबांनी मान हलवली. नाही.

"नाही काय नाही? समोर लिहिलंय की."

मी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलं आहे, तेव्हा ते वाक्य मी परत वाचलं. त्यात डिस्क नाही असं म्हटलेलं नव्हतं. जिथून सुरू होता येईल असं काही सापडलं नाही, एवढंच म्हटलेलं होतं. मी तसं बोलून दाखवलं.

"आई, तू आता मशीनचा निबंध तपासू नको," आत्या म्हणाली. "मी आमच्या सोसायटीतल्या माणसाला बोलावते. सणाच्या दिवशीसुद्धा येतो तो."

त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. संध्याकाळी तुमचा फोन यायचा होता आणि आजोबा तुमच्याशी बोलणार होते. तिला वडिलांचा चेहरा बघवत नव्हता. आपल्या घरात ज्याला बघवत नाही तो लगेच फोन लावतो.

तो माणूस आला, मोटरसायकलवरून, पाठीवर बॅग. चपळ, बोलका, हाताला धागा बांधलेला. खोका पालथा-उताणा करून बघितला, बटण दाबलं, ते वाक्य वाचलं आणि म्हणाला, "विंडो उडालीय. नवीन टाकून देतो. अर्ध्या तासाचं काम."

"आतलं सगळं राहील ना?" मी विचारलं.

"आत काय होतं?"

काय होतं ते मला एका वाक्यात सांगता आलं नाही. आत्याने सांगितलं, "बाबांचं रेकॉर्डिंग आहे. इम्पॉर्टंट आहे."

"बघतो ना मॅडम. असलं तर राहील."

त्याने एक पेन ड्राइव्ह लावला आणि परत सुरू केलं. या वेळी पडद्यावर यादी आली. एकाच ओळीची. त्या ओळीत त्याच्या पेन ड्राइव्हचं नाव होतं. आमच्या घरात, आमच्या खोक्यात, आमचं काही नाही आणि आत्ता आलेल्या पाहुण्याचं नाव तेवढं दारावरच्या पाटीवर. त्याने ती ओळ निवडली. निळसर पान आलं, आणि मग एक तक्ता. नवीन प्रणाली कुठे बसवायची ते विचारणारा.

आणि त्या तक्त्यात आमची डिस्क होती. तिचे तुकडे एकाखाली एक दिसत होते, लहान, मोठा, मोठा. मघाशी काहीच नाही म्हणणारा खोका आता सगळं दाखवत होता.

आजोबांनी माझा दंड धरला आणि दोन बोटं वर केली. दोन डिस्क असायला हव्या होत्या. तक्त्यात एकच होती.

"एकच दाखवतोय," तो माणूस म्हणाला. "काय टेन्शन नाही. हे सगळे पार्टिशन काढून टाकतो, एकच मोठा करतो. मस्त फास्ट चालेल." आणि बाण त्या ओळींवर नेला. खाली डिलीट लिहिलेलं उजळलं.

"थांबा," मी म्हणाले.

"अहो काकी, ते रिकामेच आहेत. बूट होत नाही म्हणजे त्यात विंडो नाही."

आजोबांना ओरडता येत नाही. ते उठले, भिंतीपाशी गेले आणि बोर्डावरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. पंख्याचा आवाज हळूहळू उतरत गेला.

"काका, असं डायरेक्ट बंद नाही करायचं. खराब होतं मशीन."

"खराब झालं तर आमचं," मी म्हणाले. "तुम्ही चहा घ्या."

त्याने चहा घेतला, सोनं दिलं, घेतलं, आणि गेला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या यादीत आजोबांचा आवाज नव्हता, इतकंच.

तो गेल्यावर आत्या चिडली. "मग आता काय करायचं ठरवलंय तुम्ही दोघांनी? बघत बसायचं?"

आजोबांनी पाटीवर लिहिलं, "पुसू द्यायचं नाही."

"बाबा, जे नाहीच आहे ते कसं पुसलं जाईल?"

मी तिला मतदानाची आठवण करून दिली. एका निवडणुकीला आजोबांचं नाव मतदार यादीतून गळलं होतं. टेबलावरची बाई म्हणाली, तुम्ही नाही आहात. आजोबांचा आवाज तेव्हा जागेवर होता. "मी तुमच्यासमोर उभा आहे बाई, शाई लावून बघा, लागते की नाही," असं ते म्हणाले ते रांगेच्या शेवटापर्यंत ऐकू गेलं. आत्या तेव्हा त्यांच्याबरोबर होती आणि लाजेने पलीकडे जाऊन उभी राहिली होती.

"ते वेगळं," ती म्हणाली. पण खाली बसली.

संध्याकाळी तुमचा फोन आला. त्याआधी आत्याने एक प्रयत्न केला होता. तिच्या मोबाइलवर टाइप केलेलं बोलून दाखवणारं काहीतरी होतं. आजोबांनी टाइप केलं आणि मोबाइल बोलला. एका तरतरीत बाईचा आवाज, विमानतळावर असतो तसा. आजोबांनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. तुम्हाला आत्याने सांगितलं की घरचं नेट गेलंय, मी मोबाइलवरून बोलतेय, आजोबा नंतर बोलतील. धाकटा म्हणाला, "मग आजोबांना पाटीवर लिहून दाखवू दे ना." कॅमेऱ्यात पाटी धरून आजोबांनी तुम्हाला लिहून दाखवलं. तुम्ही हात हलवलेत. त्यांनी पाटी पुसली आणि ती पुसत राहिले, स्वच्छ झाल्यावरसुद्धा.

दुसऱ्या दिवशी आम्ही खोका जुन्या पनवेलमध्ये नेला. बाजारात एक दुकान आहे. त्याचा मालक बरीच वर्षं आखातात एका बंदरावर कॉम्प्युटर सांभाळायला होता. परत आल्यावर त्याने वडिलांचं सुक्या मासळीचं दुकान भावाला देऊन हे काढलं. आजोबांची आणि त्याची जुनी ओळख, दोघंही वायरींवर तासन्‌तास बोलणारे. रिक्षात खोका माझ्या मांडीवर, चादरीत गुंडाळलेला. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला आजोबा वरून हात ठेवत होते. रिक्षावाला म्हणाला, "आजी, मूर्ती हाय का काय? हलू चालवू?" मी हो म्हटलं.

दुकानदाराने आधी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काकी, लाइट गेल्यावर ह्याचं घड्याळ चुकायचं का?"

चुकायचं. लाइट गेली की तारीख एकदम जुन्या कुठल्या तरी वर्षावर जायची आणि आजोबा ती दुरुस्त करायचे. आम्हाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

"सेल मेला त्याचा." त्याने खोका उघडून आतली बटणासारखी चपटी बॅटरी काढून दाखवली. "सेलात थोडी जान होती तोवर फक्त घड्याळ चुकायचं, बाकी भिंतीच्या लाइटवर चाललं. तुम्ही पूजेला बसवलं, वायर काढली. मग बिचाऱ्याला काहीच याद राहिलं नाही."

मी त्याला म्हटलं, मला समजेल असं सांगा. त्याने सांगितलं, आणि मी माझ्या शब्दांत तुम्हाला सांगते.

कॉम्प्युटर जागा होतो तेव्हा त्याला डिस्कवरचं काहीही माहीत नसतं. त्याच्या मदरबोर्डवर एक लहानशी चिप असते, तिच्यात पत्ते असतात. अमुक डिस्क, तिचा अमुक भाग, त्यातली अमुक फाइल, तिथे जाऊन दार वाजव. आपल्या सोसायटीच्या जुन्या वॉचमनसारखं. त्याला सगळी बिऱ्हाडं तोंडपाठ. आता समजा वॉचमन बदलला. नवा माणूस काय करणार? खाली जो नावांचा बोर्ड असतो तो वाचणार. बोर्डावर नाव असेल तो इथे राहतो, नसेल तो राहत नाही. आमच्या खोक्याचा वॉचमन बदलला होता. शिवाय तो जुन्या रीतीचा, त्याला बोर्ड कुठे लावलेला असतो हेही ठाऊक नव्हतं. म्हणून तो म्हणाला, इथे कोणीच राहत नाही.

"आजोबा आतच आहेत मग?" मी विचारलं. मी 'आवाज' म्हणायला हवं होतं.

"काकी, असतील तर काढू. इन्शाअल्लाह. पण मी आधीच शब्द देत नाही."

त्याने नवा सेल बसवला, तारीख लावली, आणि सुरू होतानाच्या त्या निळ्या-करड्या पानांत शिरला, जिथे आपण कधी जात नाही. एक ऑप्शन बदलला, म्हणजे नव्या वॉचमनला बोर्ड कुठे आहे ते दाखवलं. परत सुरू केलं. यादी आली.

एक ओळ. विकत घेतलेलं बिऱ्हाड. बँक, लाइट बिल, फोटो.

दुसरं नव्हतं.

आजोबांनी पडद्याच्या त्या ओळीखालच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं. इथे. इथे असायचं. दुकानदाराने खाली वाकून बघितलं. काल त्या माणसाच्या हातून काही पुसलं तर गेलं नाही ना, बटण बंद करताना उशीर तर झाला नाही ना, हे माझ्या मनात आलं, आणि आजोबांच्याही आलं, कारण ते भिंतीवरच्या बटणाकडे बघत होते. दुकानातल्या.

तेवढ्यात अजान झाली.

"काका, मी नमाज पढून येतो. कशालाही हात लावायचा नाही," दुकानदार म्हणाला. "एंटर तर बिलकुल नाही. हे उघडलं तर ते आपल्या हिशेबाने काहीतरी दुरुस्त करायला बसेल, आणि मला ते नको आहे."

तो गेला. दुकानात आम्ही दोघं, उघडा खोका, आणि पडद्यावर ती एक ओळ उजळलेली. बाहेर एक बाई मोबाइलचं कव्हर मागायला आली, मी तिला नंतर या म्हटलं. आजोबांचा हात कीबोर्डकडे गेला. मी मनगट धरलं. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "मला माहीत आहे कुठे आहे."

"मग त्याला सांगा आल्यावर."

"पाच मिनिटांचं काम."

"काल तो अर्ध्या तासाचं म्हणत होता."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की चाळीस वर्षांपूर्वी असतं तर मी हात सोडला असता. सोडला नाही. त्यांची नाडी माझ्या बोटांखाली पळत होती. आम्ही लग्नात बसलो होतो तसे हात धरून बसून राहिलो, फक्त तेव्हा समोर पेटलेलं होतं ते अग्निकुंड होतं.

दुकानदार परत आला. "हात लावला नाही ना?"

"लावला असता," मी म्हणाले. "मी धरून ठेवले."

"शाब्बास. साहेब, तुम्ही इंजिनियर लोक एक नंबर डेंजर."

आजोबांनी पाटी पुढे केली. त्यांनी मघाशी जे म्हणायचं होतं ते आता सविस्तर लिहिलं होतं. दुसरं बिऱ्हाड वसवताना त्याला सुरू करणारी फाइल त्यांनी ठरलेल्या जागी, ठरलेल्या नावाने ठेवलेली नव्हती. स्वतःचा फोल्डर केला होता, स्वतःचं नाव दिलं होतं. एक्स्चेंज. टेलिफोन एक्स्चेंजवरून.

दुकानदार ते वाचून पहिल्यांदा हसला. "म्हणजे बोर्डावर नाव लावलंच नाही, दारावर लावलं. वॉचमन वर चढून प्रत्येक दार थोडीच वाचणार?"

बोर्डावर नाव नसलं तरी जिना चढता येतो. त्या करड्या पानांत अगदी खाली एक ओळ होती, फाइल निवडून सुरू करा, अशा अर्थाची. तिच्यातून तो डिस्कच्या पहिल्या लहान तुकड्यात शिरला. तिथे फोल्डर होते. पहिला, विकत घेतलेल्याचा. दुसरा, सगळ्यांसाठी ठरलेला. तो उघडला, त्यातही विकत घेतलेल्याचीच फाइल. आणि त्याखाली तिसरा.

एक्स्चेंज.

"आहे," दुकानदार म्हणाला. "दार तर आहे. आत कोण आहे ते बघू." आणि त्याने माझ्याकडे बघितलं. का कोण जाणे, माझी परवानगी घेतल्यासारखं. मी मान हलवली.

पडदा काळा झाला. पुष्कळ वेळ काळा राहिला. मग दोन ओळींची ती यादी आली, आजोबांची, जुनी, जिच्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. कोणी काही दाबलं नाही. ती आपणहून दुसऱ्या ओळीत शिरली.

दुकानदाराने शोकेसमधला स्पीकर काढून जोडला. आजोबा खुर्चीत बसले. त्यांची बोटं दोनदा चुकली, पुसून परत टाइप केलं. बाहेर टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याचं गाणं चालू होतं.

"दार लावून घ्या," कॉम्प्युटर आजोबांच्या आवाजात म्हणाला. "बाहेर फार गोंगाट आहे."

दुकानदार चटकन उठून दार लावायला गेला. दाराशी पोचल्यावर थांबला, आणि आमच्याकडे पाठ करून तसाच उभा राहिला.

मग आत्याला फोन लावला. ती ऑफिसात होती. आजोबांनी मला फोन स्पीकरजवळ धरायला लावला आणि टाइप केलं, "तू मला फॉरमॅट करायला निघाली होतीस."

मग आत्या म्हणाली, "आता वर्षभर हेच ऐकवा." आणि फोन ठेवला. पाच मिनिटांनी परत तिचाच आला, ते ऐकायला.

दुकानदाराने चिपमधल्या यादीत आजोबांची ओळ परत लिहिली, आणि ठरलेल्या जागीही एक फाइल ठेवली, म्हणजे पुन्हा सगळं विसरला तरी नवा वॉचमन आधी आजोबांकडेच जाईल. मग तो म्हणाला, "आता वायर काढून बघतो." मी नको म्हटलं. चालू झालंय तर राहू दे.

"काकी, आज माझ्यासमोर विसरला तर बरं. घरी विसरला तर तुम्ही परत त्याला बोलवाल, अर्ध्या तासवाल्याला."

त्याने वायर काढली, सेलसुद्धा परत काढला. ते सगळं बंद पडून होतं तेवढा वेळ मी दुकानातल्या चार्जरच्या किमती वाचत होते. परत लावलं तेव्हा तारीख चुकलेली होती, ती त्याने हाताने लावली, आणि तो एक ऑप्शनही. पण आजोबांची ओळ यादीत आपणहून आली होती.

दुसरी डिस्क मात्र मिळाली नाही. ती जुन्या पद्धतीची, आत तबकडी फिरणारी. दुकानदाराने ती वेगळी जोडून कानाशी धरली आणि मलाही ऐकवली. आत काहीतरी टकटक करत होतं आणि फिरत नव्हतं. पाटावर ठेवताना की उतरवताना, की त्याआधीच कधी बिघडली, हे कळायला मार्ग नाही. पुण्याला बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणाऱ्या एकांकडे पाठवली होती, त्यांनीही परत केली.

तिच्यावर मूळ रेकॉर्डिंग होतं, न छाटलेलं. वाक्याच्या मध्ये आजोबांचं खाकरणं, चुकलं की "परत घेऊ" म्हणणं, गोधडीतूनही आत आलेले हॉर्न, आणि मी दार उघडून कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या विचारते तेव्हाचं त्यांचं हसणं. ते हसणं छाटून टाकल्यावर जी वाक्यं उरली, ती पहिल्या डिस्कवर ठेवली होती. हसण्याचं दुसरीकडे कुठेच काही नाही. आम्ही जुने लग्नांचे व्हिडिओ पाहिले, त्यांत सगळीकडे सनई आहे.

येत्या खंडेनवमीला पाटावर फक्त कीबोर्ड ठेवायचा असं ठरलं आहे. सासूबाईंना चाललं असतं की नाही, माहीत नाही. मी चालवून घेणार आहे.

पहिल्या डिस्कवरची वाक्यं सगळी शाबूत आहेत. त्यांच्या तीन प्रती आहेत. एक आजोबांच्या कॉम्प्युटरमध्ये, एक आत्याच्या खारघरच्या कपाटात, आणि एक तुमच्या बाबांकडे, तुमच्या घरी. आजोबा रोज त्या आवाजात बोलतात.